संगणक बनवला कोणी?

पालघरहून बोईसरकडे जाताना वाटेत कोळगाव लागतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, राज्यातला छत्तिसावा जिल्हा ठरला, आणि त्याचं मुख्यालय सिडकोनं इथे बांधलं. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक कार्यालय, सगळं एका आवारात. कचेरी आली की तिच्या आसपास अर्ज टाइप करणारे, झेरॉक्सवाले, ऑनलाइन फॉर्म भरून देणारे येतातच. मोखाड्याहून किंवा तलासरीहून पहाटे निघालेल्या माणसाला कागदाची प्रिंट हवी असते आणि ती आत्ता हवी असते, कारण साहेब दुपारनंतर भेटत नाहीत.

समजा, अशाच एका टायपिंगवाल्याचा संगणक जुलैमधल्या एका सकाळी चालू होत नाही. पंखा फिरतोय, कॅबिनेटचा दिवा लागतोय, पण पडदा काळा. दुकानदारांच्या भाषेत ‘नो डिस्प्ले’. संगणक असेंबल केलेला आहे. सव्वा वर्षापूर्वी बोईसरच्या एका दुकानात भाग निवडून तिथेच जोडून घेतलेला. बिल जपून ठेवलंय. त्यामुळे आपला संगणक वॉरंटीत आहे, असं तो धरून चालतो. त्याचं हे गृहीतक नेमकं किती खरं आहे, ते आता बघू.

एखाद्या कंपनीचा तयार संगणक घेतला की वॉरंटी त्या अख्ख्या वस्तूची असते. आत काय जळलं याच्याशी घेणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. नंबर फिरवायचा, तक्रार नोंदवायची. असेंबल्ड संगणकात वस्तूच एक नसते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, मॉनिटर अशा आठ खोक्यांवर आठ वेगवेगळ्या मुदती असतात. इंटेल किंवा एएमडीचा खोकाबंद प्रोसेसर असेल तर तीन वर्षं. बोर्डाला आणि ग्राफिक कार्डाला साधारण तेवढीच. रॅमच्या पाकिटावर बऱ्याचदा ‘लाइफटाइम’ लिहिलेलं असतं. हे आयुष्य तुमचं नव्हे, त्या मालाचं, आणि ते किती मानायचं हे कंपनी ठरवते. साध्या हार्ड डिस्कला अनेकदा दोनच वर्षं. एसएसडीला वर्षांबरोबर लिखाणाचीही मर्यादा असते. सॅमसंगच्या ९७० इव्हो प्लस या १ टीबीच्या एसएसडीला ५ वर्षं किंवा ६०० टेराबाइट लिखाण, यांतलं जे आधी संपेल ते. पाच वर्षांत ६०० टेराबाइट संपवायचे तर रोज सव्वातीनशे जीबीच्या वर लिहावं लागेल. अर्ज टाइप करणाऱ्याला तेवढं सात जन्मांत जमणार नाही, तेव्हा ही अट त्यानं विसरली तरी चालेल. एसएमपीएसमध्ये तफावत सगळ्यात मोठी. कोर्सेअरच्या आरएम मालिकेला दहा वर्षं मिळतात, आणि कॅबिनेटबरोबर फुकटात आलेल्या बिननावाच्या एसएमपीएसला दुकानदार तोंडानं सांगेल तेवढी.

या आठ कागदांपैकी एकावरही ‘संगणक चालेल’ असं लिहिलेलं नसतं. प्रत्येक कंपनी फक्त आपला तुकडा चालेल असं म्हणते. तुकडे एकमेकांना जोडल्यावर जे व्हायचं त्याची जबाबदारी कागदावर तरी कुणीच घेतलेली नसते.

म्हणून पहिला प्रश्न, भरपाई कोण देणार हा नसतोच. मेलं काय, हा असतो. पंगतीत जेवून पोट बिघडावं आणि प्रत्येक आचाऱ्यानं आपापली कढई चाटून दाखवावी, तसं इथे होतं. ‘नो डिस्प्ले’ हे एक लक्षण आहे आणि त्यामागे निदान पाच आजार असू शकतात. रॅमचा संपर्क सुटला असेल, बोर्ड गेला असेल, ग्राफिक कार्ड गेलं असेल, एसएमपीएस बारा व्होल्टऐवजी दहाच देत असेल, आणि क्वचित प्रोसेसर. अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. चालू करताना यांतला जो दिवा लागून राहील तिथे गाडी अडली असं समजायचं. पण अडली कुठे हे कळलं तरी अडवली कुणी हे कळेलच असं नाही. डीरॅमचा दिवा रॅम खराब असली तरी लागतो, बोर्डावरचा रॅमचा खाचा खराब असला तरी लागतो आणि सॉकेटमधली एखादी पिन वाकली असली तरी लागतो. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी वॉरंटीत बसतात. तिसरी बसत नाही.

खात्री करायचा मार्ग एकच: चालू स्थितीतला दुसरा भाग लावून बघणं. बोईसरच्या दुकानदाराकडे टेबलावर एक बोर्ड, दोन रॅम आणि एक भरवशाचा एसएमपीएस पडलेलाच असतो. अर्ध्या तासात तो सांगतो, “भाऊ, बोर्ड गेलाय, बाकी ओके आहे.” या अर्ध्या तासाची किंमत आपण मोजत नाही. तेच भाग चार वेगवेगळ्या ऑनलाइन विक्रेत्यांकडून दोन हजार रुपये वाचवून मागवले असते, तर हा निवाडा घरी बसून स्वतःच करावा लागला असता. रॅम पाठवायची, तिकडून ‘तपासली, दोष नाही’ म्हणून परत यायची, मग बोर्ड पाठवायचा. प्रत्येक खेपेचं कुरिअर आपल्या खिशातून. मी असेंबलिंगच्या विरोधात नाही, उलट बाजूचाच आहे. पण स्वस्ताईचा हिशेब करताना हा निवाड्याचा खर्च धरायला हवा.

दुकानातून माल पुढे जातो तो वितरकाकडे किंवा ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरकडे. या प्रवासाला धंद्यात ‘आरएमए’ म्हणतात. “आरएमएला टाकलाय” म्हणजे तो आता बोईसरच्या माणसाच्या हातात राहिलेला नाही. बरीच सेंटरं मुंबईत आहेत. ज्यांनी मुळात तिथल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारातून खरेदी केली ते स्वतःच पिशवी घेऊन निघतात. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून हे जरा सोपं झालंय. बोईसर ते मुंबई सेंट्रल सुमारे शंभर किलोमीटर, दोन तासांच्या वरचा प्रवास. जलद गाडी ग्रँट रोडला थांबत नाही, म्हणून मुंबई सेंट्रललाच उतरून चालत जायचं. बोर्ड मूळ खोक्यात असावा आणि सॉकेटवर ते काळं प्लास्टिकचं झाकण असावं. हे झाकण बहुतेक जण पहिल्याच दिवशी फेकून देतात. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये नावाप्रमाणे १७०० संपर्क आहेत, केसाएवढे बारीक. लोकलच्या गर्दीत त्यातला एक वाकला, तरी काउंटरवरचा माणूस भिंगातून बघून ‘फिजिकल डॅमेज’ असा शेरा मारतो आणि बोर्ड परत देतो. त्यात त्याची लबाडी नसते. वाकलेली पिन घरून वाकून आली की वाटेत वाकली, हे त्याला कळायचा काही मार्ग नाही.

आणि कोळगाव-बोईसर पट्ट्यात या ‘फिजिकल डॅमेज’ला एक खास स्थानिक अंग आहे: हवा.

पश्चिमेला सातपाटी-केळव्याचा किनारा, उत्तरेला तारापूरची एमआयडीसी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या शंभर औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा तारापूर ९३.६९ गुणांनी सगळ्यात वर होतं. त्या गुणांत पाणी आणि जमीनही धरलेली आहे. पण संगणकाला त्रास होतो तो हवेतल्या गंधकाच्या आणि क्लोरीनच्या संयुगांचा, आणि सोबतीला समुद्राचं मीठ व पावसाळ्याची ओल. रॅमच्या पट्टीवरची सोनेरी टोकं खरोखर सोन्याच्या मुलाम्याची असतात, पण तो थर इतका पातळ असतो की त्याला सूक्ष्म छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून खालचं तांबं आणि निकेल हवेशी बोलायला लागतं आणि टोकावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारा थर धरतो. दुकानदार रॅम काढून खोडरबरानं घासून परत बसवतो आणि संगणक चालू होतो, त्यात जादू नसते. तो हाच थर खरवडत असतो. पावसाळ्यात येणाऱ्या कितीतरी ‘नो डिस्प्ले’ या खोडरबरावर निभावतात.

बोर्डाचं प्रकरण अधिक गंभीर. युरोपीय संघानं जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक मालातल्या शिशावर बंदी घातली. शिशाच्या डाखाऐवजी अनेक बोर्डांवर तांब्याला चांदीचा मुलामा देण्याची पद्धत पसरली. गंधकयुक्त दमट हवेत चांदी आणि तांबं यांची सल्फाइडं बनतात, ती बोर्डावर पसरत जातात आणि शेजारच्या दोन रेषा जोडून टाकतात. डेटा सेंटर चालवणाऱ्यांना याचा इतका फटका बसला की वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘अ‍ॅश्रे’ या अमेरिकी संस्थेनं हवेची मापं ठरवून दिली: खोलीत टांगलेल्या तांब्याच्या पट्टीवर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा आणि चांदीच्या पट्टीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त थर चढता कामा नये. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. कचेरीसमोरच्या गाळ्यात अशी पट्टी कुणी टांगत नाही. पण वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत ‘गंज, ओल, द्रवाचा शिरकाव, कीटक’ यांना वगळलेलं असतं, आणि हिरवट डाग पडलेला बोर्ड काउंटरवरून परत येतो. तो ज्या हवेत वापरायला विकला, त्याच हवेमुळे तो खराब झाला. आणि तरीही दोष वापरणाऱ्याचा ठरतो. मला हे कलम अन्यायाचं वाटतं. पण त्याविरुद्ध भांडायचं असेल तर घेतला त्या दिवशी बोर्ड स्वच्छ होता याचा पुरावा लागतो. खोकं उघडताना दोन्ही बाजूंचे आणि सॉकेटचे फोटो काढून ठेवायला एक मिनिट लागतं. पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावा, या जुन्या सल्ल्यातही तथ्य आहे: आतली ऊब ओल धरू देत नाही.

दुसरा स्थानिक खलनायक वीज. घरात येणारे २३० व्होल्ट एसएमपीएसमध्ये शिरताच सरळ केले जातात आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टवर साठतात. हा कपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. पावसाळी वाऱ्यात खांबावरची न्यूट्रल तार तुटली, की एका फेजवरच्या घरात शेजारच्या फेजचा दाब घुसतो आणि बटणापाशी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. कपॅसिटरवर तेव्हा साडेपाचशेच्या वर जातात. तो फुटतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये फ्यूज उडतो आणि गोष्ट तिथेच थांबते. हलक्यामध्ये ती पुढे बोर्डापर्यंत, कधी एसएसडीपर्यंत जाते. ‘बर्न’ झालेला भाग कोणतीही कंपनी सहजासहजी बदलून देत नाही.

इथून खरी गाठ सुरू होते. समजा, वीज ठीक होती आणि एसएमपीएसच मुळात सदोष होता. त्यानं जाताना बोर्ड आणि एसएसडीही नेली. एसएमपीएसची कंपनी म्हणते, घ्या नवीन एसएमपीएस. ‘परिणामी नुकसान’ आमच्या अटींत नाही. बोर्डाची कंपनी म्हणते, हा बाहेरच्या विजेनं जळालाय, आमचा दोष नाही. दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर. नुकसान झालं बारा-पंधरा हजारांचं आणि हातात आला दोन हजारांचा डबा.

पण कंपन्यांच्या कागदाच्या वर देशाचा कायदा आहे, आणि त्यात एक वाक्य आहे जे असेंबल्ड संगणक घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी वाचलं असेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (लागू जुलै २०२०) याच्या कलम २(२४) मध्ये उत्पादक कोण हे सांगितलंय. वस्तू किंवा तिचे भाग बनवणारा तो उत्पादक, हे उघडच. पण लगेच पुढे म्हटलंय: दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडणाराही उत्पादक. उत्पादन-दायित्वाच्या संदर्भात कलम २(३६) मध्ये हेच पुन्हा आलंय. म्हणजे बोईसरच्या ज्या दुकानात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पोऱ्यानं आठ खोकी फोडली आणि एक संगणक उभा केला, ते दुकान कायद्याच्या व्याख्येत विक्रेत्यापुरतं उरत नाही. तो संगणक बनवणारं तेच ठरू शकतं.

दुकानदार म्हणेल, मी फक्त विकतो. ठीक, मग कलम ८६ बघावं. निव्वळ विक्रेताही काही परिस्थितींत जबाबदार धरला जातो, आणि त्यांत एक परिस्थिती अशी: जोडणी, तपासणी किंवा देखभाल करताना त्यानं वाजवी काळजी घेतली नसेल तर. दुसरी त्याहून रोचक: मालाचा उत्पादक कोण हेच माहीत नसेल तर. फुकटातल्या बिननावाच्या एसएमपीएसची गोष्ट इथे उलटते. ज्याचा बाप कागदावर सापडत नाही, त्याचं बापपण विकणाऱ्याच्या गळ्यात पडतं. कॅबिनेटसोबत काहीतरी लावून दिलं की स्वस्तात सुटलो, असं मानणाऱ्या दुकानदारानं हे एकदा शांतपणे वाचावं. जळलेल्या बोर्डाचं काय? उत्पादन-दायित्वात ‘हानी’ची व्याख्या करताना कायदा सदोष वस्तूची स्वतःची हानी वगळतो आणि इतर मालमत्तेची धरतो. मग वस्तू म्हणजे एसएमपीएस की अख्खा संगणक? एसएमपीएस धरला तर बोर्ड ही इतर मालमत्ता. संगणक धरला तर बोर्ड वस्तूचाच भाग, आणि दावा साध्या ‘सदोष माल’ या वाटेनं अख्ख्या संगणकाबद्दल करायचा. माझ्या मते दुकानात जोडून घेतलेल्याला ही दुसरी वाटच सोयीची: मी आठ भाग घेतले नाहीत, मी संगणक घेतला, तो चालत नाही.

आणि हे सिद्ध कशावरून होणार? बिलावरून. इथे एक गंमत आहे. ‘कॉम्प्युटर सेट – १ नग’ असं एका ओळीचं बिल आपण आळशी समजतो. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ते कुचकामीच, कारण त्यावर कुठल्याच भागाचा सीरियल नंबर नाही. पण ग्राहक आयोगापुढे तीच एक ओळ सांगते की दुकानानं एक संगणक विकला. उलट आठ ओळींचं, आठ सीरियल नंबरांचं बिल काउंटरवर सोन्यासारखं, पण त्यावरून दुकान म्हणू शकतं की आम्ही सुटे भाग विकले, जोडणी ही गिऱ्हाइकाची मेहेरबानी. म्हणून बिलावर दोन्ही हवं: भागवार नंबर, आणि शेवटी एक ओळ जोडणी व चाचणीची. तिचे दोनशे रुपये वेगळे लावले तर उत्तमच. पैसे घेऊन केलेली सेवा नाकारता येत नाही. जीएसटी वाचवायला कुणी ‘विदाऊट बिल’ सुचवेल. संगणक असो की त्याचे सुटे भाग, कर १८ टक्केच, आणि तो वाचवताना वरचं सगळं हातचं जातं. बिल न देणं हा ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा मानलेला प्रकार आहे. बिलात मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं हेही तसंच. बिलाच्या तळाशी छापलेलं ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य भिंतीवरच्या गणपतीच्या चित्राइतकंच सवयीनं छापलेलं असतं, आणि कायद्यापुढे त्याला फारसा अर्थ नाही.

खोक्यावर आणखी एक गोष्ट बघायची: आयातदाराचं लेबल. भारतात रीतसर आलेल्या पाकीटबंद मालावर आयातदाराचं नाव, पत्ता, किंमत आणि ग्राहकसेवेचा संपर्क असावाच लागतो. ते लेबल नसेल तर माल मागच्या दारानं आलाय असं समजावं, आणि कंपनीची इथली वॉरंटी त्याला मिळेल अशी आशा ठेवू नये. प्रोसेसरमध्ये अशीच एक फट आहे. दुकानात ‘ट्रे’ प्रोसेसर स्वस्त मिळतो, खोकं नाही, पंखा नाही. तो खोटा नसतो. मोठ्या संगणक कंपन्यांना ट्रेमधून घाऊक पुरवलेला असतो. पण त्याची जबाबदारी प्रोसेसरची कंपनी थेट तुमच्याशी घेत नाही. विकणाऱ्यानं घ्यायची असते.

याचं महत्त्व २०२४ मध्ये जगभर कळलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर काही महिन्यांत अस्थिर होऊ लागले. खेळ मध्येच बंद पडत, संगणक गोठत. सगळ्यांनी आधी रॅमला दोष दिला, मग ग्राफिक कार्डाला, मग बोर्डाच्या कंपन्यांनी लावलेल्या वाढीव सेटिंगना. कित्येकांनी चांगले भाग बदलून पाहिले. जुलैमध्ये इंटेलनं मान्य केलं की प्रोसेसरमधली सूक्ष्म-आज्ञावलीच चुकीचा, जास्त व्होल्टेज मागते आहे. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, पण ज्या चिपचं नुकसान झालंय ती त्यानं बरी होणार नव्हती. म्हणून कंपनीनं २४ मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. खोकाबंदवाल्यांनी थेट इंटेलकडे यायचं, ट्रेवाल्यांनी आपल्या विक्रेत्याकडे जायचं. बोईसरमध्ये दीड हजार वाचवून ट्रे प्रोसेसर घेतलेल्याच्या दृष्टीनं त्या एका वाक्यात सगळं आलं. कोळगावच्या टायपिंगवाल्याला एवढा मोठा प्रोसेसर लागत नाही. त्याच्या गल्लीतल्या गेम खेळणाऱ्या मुलाला लागतो.

त्याच मुलासाठी आणखी एक सापळा. रॅमच्या पाकिटावर ६००० असा वेग छापलेला असतो आणि तो मिळवायला बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ आज्ञावलीत) एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचं बटण चालू करावं लागतं. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग मात्र ५२००. त्यापुढे जाणं हे ओव्हरक्लॉकिंग, आणि त्यानं प्रोसेसरची वॉरंटी जाते, असं एएमडीच्या तळटिपांत लिहिलेलं आहे, बटण त्यांनीच दिलेलं असलं तरी. २०२३ च्या एप्रिलमध्ये या मालिकेतले काही प्रोसेसर बोर्डासकट जळाले. एएमडीनं प्रोसेसरच्या एका व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. बोर्ड बनवणाऱ्या असुसनं दुरुस्तीचं बायॉस दिलं, पण सोबत अशी सूचना की हे ‘बीटा’ बायॉस वापरल्यास वॉरंटी जाऊ शकते. म्हणजे न लावलं तर चिप जळणार, लावलं तर वॉरंटी जळणार. जगभरातून बोंब झाल्यावर मे महिन्यात कंपनीनं जाहीर केलं की बीटा बायॉस, एक्स्पो आणि एक्सएमपी वापरणाऱ्यांनाही वॉरंटी मिळेल. अटींचा कागद कंपनीला हवा तेव्हा लवचिक होतो. फक्त बोंब मोठी लागते. ‘हे लेबल फाटल्यास वॉरंटी रद्द’ या चिकटपट्ट्यांचंही तसंच. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानं २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कंपन्यांना अशा पट्ट्यांबद्दल ताकीद दिली. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

आता टायपिंगवाल्याचा शेवटचा अडथळा. तो धंद्यासाठी संगणक वापरतो. मग तो ‘ग्राहक’ आहे का? व्यापारी हेतूनं घेतलेल्या मालाला ग्राहक संरक्षण कायदा लागू होत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सचा खटला आला होता. एका सीएनसी यंत्राचा वाद. महाराष्ट्राच्या राज्य आयोगानं कारखान्याच्या बाजूनं निकाल दिला होता, राष्ट्रीय आयोगानं तो फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयानं फिरवलेलाच कायम ठेवला: एवढं यंत्र घेणारा कारखाना ग्राहक नव्हे. पण त्याच निकालात स्वतः चालवून पोट भरणाऱ्या माणसाला वेगळं काढलंय, आणि उदाहरणांत रिक्षाबरोबर टाइपरायटर आहे. टाइपरायटर घेऊन इतरांचं टायपिंग करून जगणारा माणूस ग्राहकच. कोळगावच्या गाळ्यातल्या माणसाला याहून नेमकं उदाहरण मागता आलं नसतं. तारापूर एमआयडीसीतल्या कंपनीनं हिशेब विभागासाठी असेच वीस संगणक घेतले, तर तिला मात्र बहुधा दिवाणी न्यायालयाचा रस्ता.

आयोगाकडे जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघावी. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. ऑनलाइन विक्रेत्यांना २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं. तरी नाही जमलं तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क शून्य, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि विक्रेता बेंगळुरूचा असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मालाची प्रयोगशाळेत तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो; तारखा त्याहून लांबतात, हे वेगळं सांगायला नको. दोष कशात होता हे तिथे जाणकाराच्या कागदावरून ठरतं. म्हणून दुकानदारानं नुसतं तोंडी “बोर्ड गेलाय” म्हटलं की लगेच सांगावं, दादा, हेच जॉबशीटवर तारीख घालून लिहून द्या.

सर्व्हिस सेंटरला एसएसडी किंवा हार्ड डिस्क दिली तर आतला मजकूर परत येत नाही, भाग बदलून येतो. लोकांच्या आधार कार्डांच्या आणि दाखल्यांच्या प्रती ज्या संगणकात आहेत, त्यानं हे दोनदा लक्षात घ्यावं. बदलून आलेला भागही नवाकोरा असेलच असं नाही, अनेकदा तो दुरुस्त केलेला असतो. त्याची वॉरंटी साधारणपणे नव्यानं सुरू होत नाही. मूळ मुदतीतलं जे उरलंय तेवढंच. सव्वा वर्षानं बदललेल्या बोर्डाला पावणेदोन. आणि त्या बोर्डाचा सीरियल नंबर तुमच्या बिलावर नाही, कारण बिलावरचा बोर्ड आता तुमच्याकडे नाही. पुढच्या वेळी काउंटरवरचा माणूस बिल आणि बोर्ड शेजारी ठेवून नेमकं हेच विचारेल. बदली देताना मिळालेली जुन्या-नव्या दोन्ही नंबरांची पावती त्या बिलाला टाचून ठेवलेली असली, तर त्याला दाखवायला काहीतरी असेल.